डाव्या सीटवरचा ड्रायव्हर

आमच्या दारात मोटार यायला माझी पन्नाशी उलटावी लागली. त्याआधी घरात गाडी नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही, कारण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ताब्यात आख्खी रेल्वेगाडी होती. ते पूर्णेला इंजिन ड्रायव्हर होते. ज्या घरातला बाप मालगाडी ओढून घरी जेवायला येतो, त्या घरात चार चाकांची मातब्बरी कुणाला वाटणार? अण्णा मोटारीला गाडी म्हणायचेच नाहीत. तिला रूळ नाहीत, मागं गार्ड नाही, मनाला येईल तिकडं वळते, मग ती गाडी कशी, असा त्यांचा सवाल असे.

माझं स्टेशन रोडवर झेरॉक्सचं दुकान आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून द्यायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही, हा माझा धंदा. स्वभावही तसाच झालाय, असं बायको म्हणते. मी तिच्या म्हणण्याला मान डोलावतो, आणि ती म्हणते, बघा, हेच म्हणते मी.

मोटारीचा विषय तिनंच काढला, आणि तोही शर्टाच्या बटणांवरून. अण्णांना कुठं न्यायचं झालं की मी मोटरसायकलवर मागं बसवून न्यायचो. पूर्वी ते मागं हाताची घडी घालून बसायचे, जशी काही सरकारी बग्गीच. पण अलीकडं काय झालं कोण जाणे, खड्डा आला की ते माझा शर्ट मागून असा गच्च धरायचे की पुढची बटणं तटातट तुटायची. सुईत दोरा ओवता ओवता बायको एकदा म्हणाली, "अवो, मामांना आता दोन चाकावर भरोसा वाटंना. जुनी का होईना, एक चारचाकी बघा." सासऱ्यांना ती मामा म्हणते. मला वाटलं, वय झालं, तोल जात असेल. तब्येत एरवी ठणठणीत होती. डोळ्यांचं तर विचारूच नका. दरसाल रेल्वे कॉलनीतल्या नेत्रशिबिरात जाऊन यायचे आणि आल्या आल्या उंबऱ्यातूनच सांगायचे, "पास."

अण्णा मोटारीला नाहीच म्हणतील, या खात्रीनं मी विषय काढला. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं म्हणजे मी सुटलो, असा माझा हिशेब होता. ते बराच वेळ ताटातला भात चिवडत बसले. मग म्हणाले, "घे. पण घेतल्यावर एकदा मला लाईनीच्या कडंकडंनं परभणीपर्यंत ने."

परभणीला रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासात जाता येतं, फुकट प्रवासाचा पास त्यांच्याकडं, मग मोटारीनं कशाला, असं मी विचारलं.

"लाईन बाहेरून बघायचीय," ते म्हणाले. "सारी नोकरी मी तिच्या पोटात व्हतो. रानातून गाडी जायली म्हंजी कशी दिसती, ते म्या कधी निवांत बघितलंच न्हाई."

बायको म्हणाली, मामा, रोज स्टेशनवर तर जाता. त्यावर अण्णांनी तिला समजावून सांगितलं, की प्लॅटफॉर्मावर उभी गाडी बघणं म्हणजे पाटावर बसलेली नवरी बघणं. खरी बघायची तर ती कामाला लागल्यावर बघावी.

एक अट मात्र त्यांनी घातली. मोटार ते स्वतः पास करणार. त्यांच्या होकाराशिवाय मी एकही जुनी मोटार घरी आणायची नाही.

आता या आमच्या खरेदीच्या मोहिमेत मोटारीतलं कळणारा माणूस एकच होता. माझा शाळेतला सोबती, तो गॅरेज चालवतो. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकलो होतो खरा, पण शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशीही ब्रेक असतो, त्यामुळे नेमकं कोण शिकलं हे अखेरपर्यंत कळलं नाही. या मिस्त्रीनं मला बजावून ठेवलं. गाडी बघायला सांगून जायचं नाही, सकाळीच जायचं. बॉनेटवर हात ठेवायचा, गरम लागलं तर समजायचं की धन्यानं आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती कुरकुर करते. पायाखालची मॅट उचलून वास घ्यायचा. मीटरवरचा आकडा खाली असेल आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर पेडलचं ऐकायचं. टायर एकाच कडेनं खाल्लेलं असेल तर निघून यायचं. आणि शेवटचं, रंगाला भुलायचं नाही. "रंग तर माझ्या चुलत्याच्या मिशीला बी हाय," तो म्हणाला.

पहिली मोटार पिंगळीला बघितली. एका शेतकऱ्याची होती. लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्यानं देत असे, त्यामुळे काचेवर कुणाच्या तरी नावाची अर्धी खरडलेली अक्षरं आणि सीटच्या फटीत हळदीच्या अक्षता. आम्ही पोचलो तसं घरातलं झाडून सगळं माणूस ओट्यावर आलं. पोहे झाले, चहा झाला. मुलगी बघायला आल्यासारखा मी उगाच खाली मान घालून बसलो. अण्णा मात्र उठले आणि मोटारीच्या भोवती फिरायला लागले. एका हातानं पत्रा चाचपत, बोटं फिरवत, मधूनच बोटाच्या पेरानं टकटक वाजवत. मागच्या दारापाशी थांबले. पुन्हा वाजवलं. म्हणाले, "हितं ठोकलीय. रंगाखाली लांबी भरलीय."

धन्यानं कान खाजवला. मग म्हणाला, नांगराच्या फाळाला घासली होती, जरा. मी बायकोकडं असं काही बघितलं की जणू तो ठोका मीच ओळखला होता. परत येताना मी तिला म्हणालो, बघितलं का, साऱ्या हयातीचा अनुभव, नुसत्या बोटांनी. ती एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसरी परभणीला, जुन्या गाड्यांच्या एका बाजारात. तिथं मी हरलो. गर्द निळी मोटार, आत चमेलीचा वास, विकणारा माणूस सांगत होता की एका डॉक्टरीणबाईंची आहे, दवाखाना ते घर एवढीच चालली. मी मनातल्या मनात ती दुकानापुढं लावूनसुद्धा टाकली, शेजारच्या किराणेवाल्याचं तोंड कसं होईल तेही बघून घेतलं. मिस्त्रीनं मॅट उचलली. खाली वाळलेला गाळ होता. गाडी कुठल्या तरी पुरात बुडून आलेली. पेडलही घासून पाटीसारखं झालेलं. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बहुधा दिल्लीला असावा, असं मिस्त्री त्याला म्हणाला. अण्णांनी बॉनेटला कान लावला, नाकानं वास घेतला, आणि हॉर्न दाबायला लावला. "शिट्टीत जीव न्हाई," असा शेरा मारून तेही नापास करून मोकळे झाले. रंगाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, हे खरे अनुभवी, रंगाला भुलत नाहीत.

या सगळ्या फेऱ्यांत एक गंमत व्हायची. मोटार चालवून बघायला निघालो की अण्णा पुढं डाव्या सीटवर बसायचे. इंजिनात ड्रायव्हरची जागा डावीकडं, कारण सिग्नल डाव्या हाताला असतात. उजवीकडं त्याचा असिस्टंट. म्हणजे अण्णांच्या हिशेबानं मोटारीत ड्रायव्हर तेच होते. माझ्या हातात चुकून स्टिअरिंग आलं होतं, एवढंच. आणि इंजिनात रिवाज असा, की ड्रायव्हरनं समोर जो सिग्नल दिसेल तो मोठ्यानं पुकारायचा आणि असिस्टंटनं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच पुन्हा पुकारायचा. दोघांचं जुळलं तर गाडी पुढं. जुळलं नाही तर लाल समजायचं.

मोटारीत बसल्यावर अण्णा तसंच पुकारायला लागत. "पुढं फाटा." मी म्हणायचो, पुढं फाटा. "डाव्या अंगाला पूल." डाव्या अंगाला पूल. "गतिरोधक, शाळंपाशी." गतिरोधक. मी विसरलो तर ते गप्प बसत आणि मी म्हणेपर्यंत पुढचं काही पुकारत नसत. मागं बसलेला मिस्त्री हसून हसून बेजार व्हायचा. मला सोपं होतं. दिवसभर दुकानात तेच करतो.

तिसरी मोटार चुडाव्याला होती. एका ऊसतोड मुकादमाची. दिवाळीनंतर तो टोळी घेऊन कारखान्यावर जातो, तेव्हापासून पाडव्यापर्यंत ही मोटार पत्र्याखाली झाकून ठेवलेली. त्यामुळं कमी चाललेली. तेवढ्या दिवसांत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, ते त्यानं स्वतःच दाखवलं, म्हणाला, बसवून देतो. मिस्त्रीला तेच आवडलं. दोष सांगून विकणारा माणूस भेटला की अर्धं काम झालं, असं तो मला कानात म्हणाला. पेट्रोलची, सीट उंच, म्हातारं माणूस गुडघे न मोडता बसेल अशी. डिकीत ज्वारीचं पोतं मावेल अशी. बॉनेट थंडगार. पहिल्या चावीला चालू. टायर सारखे झिजलेले. मॅटखाली उसाचं एक वाळकं चिपाड, बाकी कोरडं ठाक.

अण्णांनी चाचपली, वाजवली, ऐकली. "चालवून बघ," म्हणाले. मिस्त्री वायरींच्या खर्चाचं बोलायला मुकादमाजवळ थांबला. आम्ही दोघंच निघालो.

चुडाव्याच्या बाहेर पडून पूर्णेच्या दिशेनं मी गाडी काढली. गाडी खरंच चांगली होती. माझ्यासारख्याच्या हाताखालीसुद्धा चांगली वाटत होती, यावरून काय ते समजा. "मारुतीचं देऊळ," अण्णा. मारुतीचं देऊळ. "वळण, लिंबापाशी." वळण, लिंबापाशी. त्या वळणावर समोर रस्त्यात मेंढरं. आख्खा कळप, अगदी मधोमध, आणि मागं काठी खांद्यावर टाकून चाललेली बाई. मी ब्रेक मारला. अण्णांचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"का थांबलास?" ते म्हणाले.

मेंढरं, मी म्हणालो. समोरच तर आहेत.

"मग? दिसायलीत की मला. तू बघतूस का न्हाई ते बघायलो व्हतो."

मी हसलो. असिस्टंटची परीक्षा घेणारे ड्रायव्हर असतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मेंढरं सरली, मी गाडी पुढं घेतली. पण मनात कुठं तरी खडा लागला. आठवायला लागलो, की इतक्या फेऱ्यांत अण्णांनी काय काय पुकारलं. देऊळ, पूल, फाटा, शाळा, लिंब. जे वर्षानुवर्षं जागचं हललं नाही, तेवढंच. सायकलवाला कधी पुकारला नव्हता. बैलगाडी नाही, कुत्रं नाही, माणूस नाही.

परत फिरलो. तिथं एका जागी रस्ता लाईनीला अगदी चिकटून जातो. आता लाईन अण्णांच्या बाजूला होती, डाव्या हाताला, दगडाच्या भरावावर. त्यांना ती जागा अंगानंच कळत असणार. ताठ झाले, टोपी सारखी केली आणि त्यांच्या जुन्या आवाजात पुकारलं, "होम हिरवा."

स्टेशनात शिरायच्या आधी जो सिग्नल असतो तो होम. मी बघितलं. होम लाल होता. नुसता लाल नव्हता. त्याच्या अलीकडं मालगाडी उभी होती, थेट आमच्या शेजारी, एवढी लांब की तिचं शेपूट दिसत नव्हतं. भर उन्हात तिच्याएवढं ढळढळीत दुसरं काही त्या रानात नव्हतं.

अण्णा माझी वाट बघत होते. मान माझ्याकडं थोडी वळवून. मी पुकारेपर्यंत ते पुढं काही बोलणार नव्हते.

"होम हिरवा," मी म्हणालो.

थोडं अंतर गेलं. उघड्या काचेतून इंजिनाची घरघर आत यायला लागली. अण्णांनी कान तिकडं केला. बोटं गुडघ्यावर थांबली.

"गाडी उभी हाय का तिथं?"

हो, मी म्हणालो. मालगाडी.

"इंजिन होमच्या अलीकडं?"

हो.

"मग हिरवा कसा?"

मी गाडी बाजूला घेतली. बंद केली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिची घडी केली, पुन्हा उघडली.

"मी चुकलो ते चुकलो," ते म्हणाले. "तू का चुकलास? असिस्टंटनं डायवरच्या मनासारखं बोलायचं नसतंय रे. गाडी जाती अशानं."

मी नुसतं विचारलं, की कधीपासून. ते म्हणाले, आधी मुकादमाची गाडी मुकादमाला नेऊन दे. दुसऱ्याचा माल हाय. तिथं पोचल्यावर उतरले, पत्र्यावर एकदा तळहात ठेवला आणि मुकादमाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पास हाय ही. घे."

घरी आल्यावर मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. मग ती म्हणाली, की वर्ष झालं, मामा पेल्यात बोट बुडवून पाणी ओततात. किती भरलं ते कळायला. म्हणून तिनं माठाची जागा हलवली नव्हती, खुर्ची सरकवू देत नव्हती, पायपुसणं काढून टाकलं होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"मामांनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "त्यांच्या आधी मी कशी सांगू?"

मला ते पायपुसणं आठवलं. ते कुठं गेलं म्हणून मी तिच्याशी भांडलो होतो.

वायरी बसल्या, कागद झाले, मोटार दारात आली. बायकोनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि मोटारीची पहिली फेरी परभणीच्या लाईनीला नाही, नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. जाताना अण्णांनी काहीच पुकारलं नाही. डाव्या सीटवर ते पॅसेंजरसारखे बसून होते. तेवढं मला सहन झालं नाही, पण काय करावं हेही कळलं नाही. मी हॉर्न जरा जास्तच वाजवत गेलो.

दवाखान्यात एका मुलीनं त्यांना खुर्चीवर बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरलं आणि समोरचं वाचा म्हणाली. अण्णा घडाघडा म्हणायला लागले. इंग्रजी अक्षरं, वरून खालपर्यंत, एकही न अडखळता, शेवटच्या बारीक ओळीसकट. पाढे म्हणावेत तसे. ती मुलगी थांबली होती. त्यांचं संपल्यावर अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आजोबा, आमच्याकडं मराठी अक्षरांचा तक्ता आहे."

मी भिंतीकडं बघत राहिलो. तक्त्यावर सगळ्यात वर मोठा क होता.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. आतली नस सुकत जाते, दुखत नाही, कळत नाही. एका डोळ्यात नुसता उजेड उरलाय, दुसऱ्यात नळीतून दिसावं तेवढं. गेलं ते येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं, टिकेल तेवढं. मग माझ्याकडं बघून ते म्हणाले, की हे फार आधी कळायला हवं होतं, दरवर्षी साधी तपासणी जरी केली असती तरी. मी सांगणार होतो की केली होती, दरसाल केली होती, दरसाल पास झाले होते. नाही सांगितलं.

बाहेर मोटारीत बसलो. मी चावी लावली नाही. अण्णांनीच सुरुवात केली. ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या त्या मला माहीत नव्हत्या असं नाही. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कुणालाही त्या माहीत असतात, फक्त त्यांचा अर्थ कुणी लावत नाही. इंजिनवरच्या माणसाची डोळ्यांची परीक्षा ठरलेली असायची. तीत नापास झालात की इंजिनवरून खाली. पगार मिळेल, पण शेडमध्ये टेबलावर बसायचं, नाहीतर दिवे मोजायचे. अण्णांच्या उस्तादांना तसं उतरवलं होतं. इंजिनावर सिंहासारखा माणूस, तो मग रोज फाटकाजवळ येऊन उभा राहायचा आणि जाणाऱ्या गाड्यांचे सिग्नल खालून पुकारायचा. कुणी ऐकत नसे. म्हणून मग परीक्षा जवळ आली की कॉलनीतल्या घराघरात बाप लोक तो तक्ता पाठ करत. आम्ही पोरं एका कोपऱ्यात पाढे म्हणायचो, ते दुसऱ्या कोपऱ्यात ए, बी, सी, डी उलटसुलट. आम्हाला हसू यायचं. अण्णांचे डोळे तेव्हा चांगले होते. तरी ते पाठ करायचे. भीतीनं.

"आणि शिबिरात?" मी विचारलं.

शिबिरात तोच तक्ता लावत. आणि रांगेत पुढचे लोक मोठ्यानं वाचायचे. ऐकून उजळणी व्हायची.

मला रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता, असं काहीतरी. मी म्हणालो, "अण्णा, नोकरी संपून किती वर्षं झाली. आता तुम्हाला कोण उतरवणार होतं?"

ते समोर बघत होते. म्हणजे तोंड समोर होतं.

"तू," ते म्हणाले.

 ते बरोबर बोलत होते. मला कळलं असतं तर मी पहिलं वाक्य हेच बोललो असतो, की अण्णा, आता तुम्ही घरी बसा. स्टेशनवर जाऊ नका, बाजारात जाऊ नका, मोटार मी बघतो. अगदी प्रेमानं बोललो असतो. झेरॉक्ससारखं, जसं सगळी मुलं बोलतात तसंच.

परभणीच्या लाईनीचा विषय मग त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. मोटार रोजच्या कामाला लागली. कागदाची रिमं आणायला, लग्नांना, नांदेडच्या थेंबांना. सगळे म्हणत, चांगली मिळाली, एकदा कुठं अडली नाही. खरंच अडली नाही. मुकादम भेटला की मी त्याला सांगतो, तो खूश होतो.

एका रविवारी बायकोनं सकाळीच धपाटे बांधले, पाण्याची बाटली भरली आणि येऊन मागच्या सीटवर बसली. अण्णांना म्हणाली, "मामा, चला. लाईन बघून येऊ."

मला वाटलं, ते म्हणतील, आता काय बघायचंय. ते टोपी घालून आले. हातानं दार शोधलं, बसले. गाडी गावाबाहेर पडली तरी कुणी बोलेना. शेवटी मीच म्हणालो. घसा खाकरून, पहिल्यांदा स्वतःहून. "पुढं फाटा."

अण्णांनी टोपी सारखी केली. मग डावीकडून आवाज आला, "पुढं फाटा."

"बैलगाडी, उजव्या अंगाला. कडबा भरलाय."

"बैलगाडी, उजव्या अंगाला." आणि थोडं थांबून, "लय भरलाय का?"

लय भरलाय, मी म्हणालो.

असं करत पिंगळीच्या अलीकडं पोचलो. तिथं लाईन मोकळ्या रानातून जाते. मी गाडी बाभळीखाली लावली. अण्णांना उतरायचं नव्हतं. काच खाली करून, कोपर बाहेर काढून ते बसले, इंजिनच्या खिडकीत बसायचे तसे. बायकोनं धपाटं हातात दिलं, ते त्यांनी तसंच धरून ठेवलं. गाडी मला दिसायच्या कितीतरी आधी त्यांनी बोट वर केलं. रुळांचा आवाज त्यांना आला होता.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागलो. लांबून येताना ती जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते, नुसती मोठी होत जाते. दिवा लागलाय, भर उन्हात. इंजिन विजेचं आहे. पुढं धूळ लागलीय. लाईनीजवळचं गवत आधीच हलायला लागलं. बगळे उडाले. मला जेवढं दिसलं तेवढं सांगितलं, एकही शब्द जास्तीचा घातला नाही. ते प्रत्येक गोष्ट हळू आवाजात पुन्हा म्हणत होते. गवत हलायलंय. बगळे उडाले.

मग ती आली. बोलणं ऐकू येईना. अण्णांनी हात बाहेर काढला आणि वर केला, लहान पोरं करतात तसा. हात थोडा चुकीच्या दिशेला होता, गाडीच्या मागं.

आवाज ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "डायवर दिसला का?"

"दिसला. डाव्या खिडकीत."

"म्हातारा का तरणा?"

"तरणा."

"हात केला का त्यानं?"

मागं बायको श्वास धरून बसलेली मला आरशात दिसली. केला म्हणायला काय लागत होतं? गाडी निघून गेली होती, कुणी तपासायला येणार नव्हतं. जीभ अगदी दातांपर्यंत आली.

"न्हाई केला," मी म्हणालो. "समोर बघत होता."

अण्णांनी मान हलवली. दोनदा हलवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "समोरच बघायचं असतंय."

हात मात्र त्यांनी आत घेतला नाही. गाडी गेली, तिचा आवाजही गेला, गवत पुन्हा सरळ झालं, तरी तो तसाच वर होता. खाली घ्या असं म्हणायला मला होईना. मी चावीला हात लावला नाही, आणि आम्ही तिघं त्या बाभळीखाली बसून राहिलो.